ताराबाई मोडक : शिंपल्यांतून शाळा उभी करणारी बाई

अंगणवाडी हा शब्द आपल्या साखऱ्यात लहान लेकरालासुद्धा ठाऊक आहे. पण तो कुठून आला, हे फारसे कोणी विचारत नाही. सरकारी कागदातून आला असेल असे पुष्कळ भगिनींना वाटते. तो शब्द कागदातून आलेला नाही. समुद्राकाठच्या बोर्डी गावी एका बाईने वस्तीतल्या अंगणात लेकरे बसवली, तिथून तो निघाला. त्या बाईंचे नाव ताराबाई मोडक. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपल्या स्मरणिकेत होऊन गेली आहेत. म्हणून यंदा ताराबाईंविषयी चार शब्द लिहिते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषेत काही उणे दिसले तर भगिनींनी गोड मानून घ्यावे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, तेव्हा घरात सुधारकी वारे होते आणि मुलीला शिकवायचे की नाही हा प्रश्नच नव्हता. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी मुलगी चौथी शिकली तरी गावभर बोलबाला व्हायचा, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या पदवीचे मोल कळते. पुढे त्यांचे लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाले. तो संसार टिकला नाही. १९२१ साली दोघे रीतसर वेगळी झाली. लहान मुलगी पदरी घेऊन ताराबाई बाहेर पडल्या आणि राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयाच्या प्रिन्सिपॉल झाल्या. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला लोकांनी काय काय ऐकवले असेल, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. आजही ऐकवतात.

राजकोटची नोकरी पगाराची होती, मानाची होती. ती त्यांनी सोडली. कारण भावनगरला गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत लहान मुलांचे बालमंदिर काढले होते आणि ते ताराबाईंच्या मनात भरले होते. गिजुभाई मूळचे वकील. इटलीच्या मारिया माँटेसोरी बाईंनी १९०७ साली रोम शहरात गरिबांच्या वस्तीत बालगृह काढले. त्यांची पद्धत वाचून गिजुभाईंनी वकिली बाजूला ठेवली आणि १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई १९२३ च्या सुमारास त्यांना जाऊन मिळाल्या. तिथे त्या मराठी बाई गुजराती झाल्या म्हणाना. गुजरातीत लिहू लागल्या, शिक्षण पत्रिकेचे काम पाहू लागल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, त्यातही त्या होत्या. पुढे १९३३ पासून शिक्षण पत्रिका मराठीतही निघू लागली. १९३६ साली मुंबईस दादरला त्यांनी शिशुविहार उभे केले. हा भाग मी भरभर सांगते आहे, कारण मला सांगायचे आहे ते ह्याच्या पुढचे.

माँटेसोरी बाईंची साधने कशी असतात, हे आधी थोडे सांगितले पाहिजे. लाकडाचे गुलाबी रंगाचे १० ठोकळे असतात. सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा. मुलाने मोठ्यावर लहान असा मनोरा रचायचा. रंग सगळ्यांचा एकच, आकार एकच, फरक फक्त लहानमोठेपणाचा. म्हणजे मुलाचे लक्ष दुसरीकडे जाऊ नये. दुसरे एक साधन आहे, त्यात लाकडी फळीला भोके असतात आणि प्रत्येक भोकात बसेल असा एकेक दट्ट्या असतो. चुकीच्या भोकात घातला तर शेवटी एक दट्ट्या उरतो, तो कशातच बसत नाही. मुलाला आपली चूक आपोआप कळते, बाईंनी ओरडायची गरज नाही. खरखरीत कागदाची अक्षरे असतात, त्यावरून बोट फिरवायचे. डब्या असतात, हलवून आवाज ओळखायचा. फार विचाराने केलेली साधने आहेत ही. पण सुताराने मिलिमीटरही न चुकता करावी लागतात, रंग एकसारखा द्यावा लागतो, आणि त्यामुळे ती महाग पडतात. शहरातल्या आईबापांना परवडतात. खेड्याला नाही.

गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीमचा विचार देशापुढे ठेवला. शिक्षण हाताच्या कामातून व्हावे आणि त्याचे साहित्य गावातच मिळावे, असा त्याचा रोख होता. पुढे १९४५ साली तो विचार शाळेआधीच्या वयाच्या लेकरांपर्यंत नेण्याचे ठरले. त्याच साली ताराबाईंनी मुंबईतले जमलेले काम मागे ठेवून बोर्डीची वाट धरली. बोर्डी हे डहाणूजवळचे समुद्राकाठचे गाव. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ सालापासून पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाईंचे वय तेव्हा ५३ वर्षांचे. ह्या वयात आपण सुनेच्या हाती किल्ल्या देऊन देवदेव करायच्या गोष्टी बोलतो.

बोर्डीत त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच कुंकू पुसले गेले. पुढे शिकून शिक्षिका झाल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची आणि ताराबाईंची गाठ पडली, आणि त्या सगळे सोडून बोर्डीला निघून आल्या. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, एक विधवा. शुभकार्यात जिला मागे उभे करतात अशा दोघींनी मिळून हे काम उभे केले. ह्यावर मी जास्त लिहीत नाही.

ग्राम बाल शिक्षा केंद्र डिसेंबर १९४५ मध्ये सुरू झाले. पहिली अडचण शिकवण्याची नव्हतीच. लेकरांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, पोटात काही घालणे, इथून सुरुवात होती. आणि साधने कुठून आणायची? तिथे समुद्र होता. किनाऱ्यावर शिंपले आणि शंख पडलेले. झाडांखाली बिया, पाने, फुले, काड्या. ओढ्यात गोटे. पायाखाली माती. ताराबाईंनी हेच साहित्य घेतले. मोजायला शिंपले आणि बिया, लावून ठेवायला लहानमोठे गोटे, रंग ओळखायला पाने-फुले, हाताला वळण लागायला माती. मुले ते स्वतः गोळा करून आणत, आणि गोळा करता करताच निम्मे शिकणे होऊन जाई.

आता इथे एक गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते. माँटेसोरीचा ठोकळा स्वतःच मास्तर असतो. चूक झाली की तोच सांगतो. शिंपल्याला ते जमत नाही. शिंपला लहानमोठा असतो, शिवाय रंग वेगळा, नक्षी वेगळी, खरखरीतपणा वेगळा. मुलाने लहान-मोठे बघावे म्हणून दहा शिंपले दिले, तर ते नक्षीच बघत बसेल. म्हणजे एकाच जातीचे, एकाच रंगाचे, फक्त आकाराने वेगळे असे शिंपले आधी बाईंना निवडून ठेवावे लागतात. डाळ निवडण्यासारखेच काम आहे, आणि तितकेच डोळ्याचे. साधन स्वस्त झाले पण शिकवणारीची मेहनत वाढली. माझ्या समजुतीप्रमाणे ताराबाईंनी बालवाडीइतकाच जोर शिकवणाऱ्या बायकांच्या तयारीवर दिला, त्याचे कारण हेच असावे. गावातल्याच बाया, फार न शिकलेल्या, त्यांना तयार करायचे. शिंपले फुकट होते, पण ते हातात कसे द्यायचे हे शिकलेली बाई फुकट मिळत नव्हती.

तिथे जे घडले ते वाचून मन भरून येते. गावात मध्यवर्ती बालवाडी चालू झाली, पण तेव्हा ज्याला हरिजनवाडा म्हणत त्या वस्तीतली मुले तिथे येईनात. का येत नसतील हे खेड्यात राहणाऱ्याला कळते. ताराबाईंनी मुलांना बोलावणे सोडले आणि शाळाच उचलून वस्तीत नेली. कोणाचे तरी अंगण झाडून घेतले, तिथे लेकरे बसवली. हीच अंगणवाडी. आता बघा, लाकडी साधनांचे कपाट असते तर ते रोज वस्तीत कसे नेले असते? शिंपल्यांची टोपली काखेत मारून कोणीही बाई जाऊ शकते. आणि टोपली विसरली तरी अंगणात गोटे असतातच. साधन साधे होते म्हणूनच शाळा हलू शकली.

पुढे १९५७ मध्ये हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. वारली बायका लग्नात शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तेच पुढे वारली चित्र म्हणून जगभर गेले. अशा घरातली ही लेकरे. पण शाळेत यायला त्यांना सवड नव्हती, कारण गुरे राखायची होती. म्हणून कुरणशाळा निघाली. गुरे जिथे चरतात तिथे शाळा जायची. एका डोळ्याने गुरे बघायची, दुसऱ्याने धडा. लहान भावंड काखेला असलेल्या मुलीसाठी पाळणाघर, पाळणाघराला लागून बालवाडी, बालवाडीला लागून शाळा, अशी एकाच जागी केलेली योजना म्हणजे विकासवाडी. भावंड सांभाळायचे म्हणून मुलीचे शिक्षण सुटते, हे ताराबाईंनी ओळखले होते. आपल्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला गाड्या निघतात तेव्हा कोणत्या घरातल्या मुलीचे नाव पटावर नुसतेच राहते, ते आपण बघतोच.

आता हे चरित्र मी मंडळाच्या स्मरणिकेत का घातले ते सांगते. मागच्या बैठकीत आपल्या शिल्लक पैशांतून अंगणवाडीच्या लेकरांसाठी शहरातून प्लास्टिकच्या खेळण्यांचा मोठा संच आणावा असा विषय निघाला, आणि निर्णय पुढे ढकलला गेला. मी त्या दिवशी बोलले नाही, इथे लिहिते.

माझ्या जाऊबाईंचा आक्षेप मोठा खरा होता. त्यांचे म्हणणे असे की शहरातल्या लेकरांना रंगीत चकचकीत खेळणी आणि आमच्या लेकरांना काड्या-दगड, हा कोणता न्याय? गरिबाला गरिबाचेच द्यायचे का? ह्या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही. पण ताराबाईंनी दादरला माँटेसोरी पद्धतीचे शिशुविहार चालवले होते आणि बोर्डीला शिंपल्यांची बालवाडीही. दोन्ही त्यांच्या हातचे. बोर्डीच्या लेकरांना काहीतरी कमी द्यावे असे त्यांच्या मनात असते, तर वयाच्या ५३ व्या वर्षी त्या तिथे गेल्याच नसत्या. मुलाच्या बोटांना, डोळ्यांना आणि डोक्याला तेच काम मिळते की नाही, एवढेच त्यांनी पाहिले. चिंचोके मोजून लावणाऱ्या लेकराला ते मिळते. बटण दाबले की गाणे म्हणणाऱ्या खेळण्यातून काय मिळते? एक बटण दाबायला मिळते.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? समुद्र नाही, पण वावर आहे. चिंचोके, सागरगोटे, रिठे, कवड्या. तुराट्या आणि पऱ्हाट्या, एका मापाने तोडल्या तर लहानमोठेपणाचे दहा तुकडे घरच्या घरी तयार होतात. ज्वारीच्या धांड्याची गाडी आपण सगळ्यांनीच लहानपणी केली आहे. पोळ्याचे मातीचे बैल आपले आजोबा करत, आता बाजारातून प्लास्टरचे रंगवलेले येतात. मातीचा बैल मोडला तर पाण्यात भिजत घालावा, पुन्हा माती, पुन्हा बैल. प्लास्टरचा मोडला की उकिरडा, आणि तिथेही तो विरघळत नाही. रंगांचे म्हणाल तर हळद आपल्या जिल्ह्याचे पीकच आहे. हळदीचे पाणी पिवळे, त्यात चुन्याची निवळी टाकली की डोळ्यांदेखत लाल होते, हे लेकरांना एकदा दाखवा, दिवसभर दुसरे काही मागणार नाहीत. पळसाच्या फुलांचा केशरी, जांभळाचा जांभळा, दिव्याच्या काजळीचा काळा, गेरूचा तांबडा. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे खरे. उडाला तर पुन्हा द्यावा.

मात्र सावधगिरी हवी. गुंज दिसायला फार सुरेख, पण विषारी आहे. तशीच एरंडी, तशीच पिवळ्या बिट्टीची बी. ही तिन्ही लेकरांच्या हाती मुळीच देऊ नयेत. अगदी लहान लेकरू हाती लागेल ते नाकात-तोंडात घालते, म्हणून तीन वर्षांच्या आतल्यांना चिंचोकेसुद्धा नकोत, त्यांना माती आणि मोठे गोटे पुरेत. काड्यांची टोके घासून घ्यावीत. बिया पावसाळ्यात उन्हात घालाव्यात, नाहीतर कीड लागते. ही सगळी बायकांची रोजची कामे आहेत, आपल्याला कोणी शिकवायला नको.

प्लास्टिकच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ते धुतले की स्वच्छ होते, काटा लागत नाही, पावसात कुजत नाही. पण मोडते, आणि मोडले की गावात त्याचे काय होते ते आपण पाहतो. चुलीत जाते, त्याचा धूर घरभर. नाहीतर उकिरड्यावर, तिथून गाईच्या पोटात. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली, ती उगाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या मुलीला शाळेतून किल्ला करून आणायला सांगितला होता, आणि तो थर्माकोलचाच हवा असे सांगून पाठवले होते. थर्माकोलसाठी शहराला जाणे-येणे, चिकटवायचे, रंग, सगळे मिळून घरातल्या आठवड्याच्या भाजीचे पैसे गेले. किल्ला दोन दिवस शाळेच्या खिडकीत राहिला आणि मग वाऱ्याने त्याचे पांढरे दाणे वावरभर झाले. आजही धुऱ्याला नांगरताना सापडतात. मातीचा किल्ला चालला असता, तर शिवाजी महाराजांना काही कमीपणा आला नसता.

तेव्हा माझे मत असे की संच आणू नये. त्या पैशांतून झाकणाचे डबे, दोन चटया, पाट्या, लहान लेकरांच्या हातात बसतील अशा बोथट कात्र्या आणि पांढरे कागद घ्यावेत. बाकीचे आठवड्यातून एक दुपार आपण आळीपाळीने गोळा करून, निवडून, धुऊन द्यावे. अंगणवाडीच्या ताईंवर आधीच नोंदवह्यांचे आणि वजनकाट्याचे ओझे आहे, निवडण्याचे काम त्यांच्यावर टाकू नये. हे जर आपल्याकडून होणार नसेल, तर मात्र संच आणलेला बरा. नुसता चिंचोक्यांचा ढीग कोपऱ्यात ओतून ठेवणे म्हणजे बालवाडी नव्हे.

असो. चरित्र पुरे करते. १९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब दिला. त्यानंतरही त्या कोसबाडच्याच कामात राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. ते पाहायला त्या नव्हत्या. अनुताई होत्या. त्यांनी कोसबाडचे काम पुढे नेले, १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या. दोघींचे मिळून त्या टेकडीवरचे आणि त्याआधीचे बोर्डीचे काम ४७ वर्षांचे भरते.